कोगनोळी ते कणकुंबी : टाकलेल्या प्लास्टिकच्या मागावर चार दिवस

पहिला दिवस : कोगनोळी, निपाणी

न्हावा-शेवा बंदरात माल सोडवणाऱ्या एका एजंटाच्या कचेरीत मी सव्वीस वर्षे कागदपत्रे तयार करण्याचे काम केले. जकातीच्या दरपत्रकात ३९१५ असे एक शीर्ष आहे. प्लास्टिकचे भंगार, कातरण आणि टाकाऊ तुकडे हे सगळे त्याखाली येते. या शीर्षाची किती बिले माझ्या हाताखालून गेली याची गणती नाही, पण ज्या मालाविषयी इतके लिहिले तो माल निवडतात कसा आणि निवडते कोण, हे मी कधीच पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर गावी, बेळगावला, जायचे होतेच. तेव्हा या नोव्हेंबरात, भाताची सुगी चालू असताना, चार दिवस काढून राज्याच्या हद्दीपासून मलप्रभेच्या उगमापर्यंत प्लास्टिकचा माग काढायचा, असे ठरवून २०२५ सालच्या त्या सोमवारी सकाळी मी कोल्हापुरात बसमध्ये बसलो.

कागल ओलांडून बस कोगनोळीच्या नाक्यावर आली की बाहेरच्या पाट्यांवरची लिपी बदलते, आतल्या गप्पांची भाषा मात्र तीच राहते. निपाणीच्या बसस्थानकाबाहेर चहा पिताना टपरीवाल्याकडे सहज पिशवीचा विषय काढला. कर्नाटकाने हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर ११ मार्च २०१६ रोजी सरसकट बंदी घातली, तर महाराष्ट्राची तशी अधिसूचना २३ मार्च २०१८ची. म्हणजे मधली दोन वर्षे जाड पिशवीला इकडे मनाई आणि वीसेक किलोमीटरवर परवानगी, अशी स्थिती होती. टपरीवाला हसून म्हणाला, "दोन वर्षं कागलनंच सांभाळलं बगा आमाला." कायदा हद्दीवर थांबतो आणि माल हद्द ओलांडतो, ही गोष्ट मी कचऱ्याच्या देशोदेशींच्या ने-आणीविषयीच्या बाझल कराराच्या संदर्भात वाचली होती, निपाणीकराने ती एका वाक्यात उरकली.

अक्कोळच्या रस्त्याला एक भंगाराचे आवार आहे. तंबाखूच्या जुन्या वखारीला लागून असल्यामुळे तिथे अजूनही तंबाखूचा उग्र वास नाकाला झोंबतो. आवारात मला सर्वांत जास्त दिसल्या त्या ठिबकच्या काळ्या नळ्या. उसाच्या पट्ट्यात ठिबक वाढले तशी या नळ्यांची आवकही वाढली, कारण क्षारांनी भोके बुजली की शेतकरी नळ्या गुंडाळून आणून टाकतो. मालकांच्या मते असा माल म्हणजे सोने, कारण नळी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि धुवायला फक्त माती असते. तिथून नळ्यांच्या गुंडाळ्या दाबून, बांधून कोल्हापूरकडे जातात. शेजारीच दाबलेल्या मिश्र पिशव्यांचे चार गठ्ठे पडले होते. ते का पडून आहेत असे विचारले तेव्हा मालक म्हणाले, "ते निवडायला माणूस मिळंना, आणि न निवडता कोण घेईना."

त्या गठ्ठ्यांकडे पाहताना २०१८चा उन्हाळा आठवला. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या एका कारखान्यासाठी युरोपातून चाळीस फुटी कंटेनर आला होता आणि कागदावर 'निवडलेली एलडी फिल्म', म्हणजे एकाच जातीचे मऊ, पातळ पॉलिथिन, असे लिहिले होते. तपासणीसाठी दार उघडले तेव्हा आधी पाणी बाहेर आले, मग वास, आणि मग डबे, लंगोट, ओले कागद यांच्यात रुतलेल्या पिशव्या. माल मागवणाऱ्याने फोन उचलणे बंद केले, जहाज कंपनीचे भाडे दिवसागणिक चढत गेले आणि आमच्या मालकांनी सगळा राग माझ्यावर काढला, जणू तो माल मीच भरला होता. नमुना म्हणून काढलेल्या वस्तूंपैकी चीजचे एक रिकामे पारदर्शक पाकीट माझ्या फायलीत राहून गेले. त्यावरची भाषा मला वाचता येत नाही, पण बाणांचा त्रिकोण छापलेला आहे आणि त्याच्या पोटात ७ हा आकडा आहे, म्हणजे 'इतर', पहिल्या सहा जातींत न बसणारे प्लास्टिक. या प्रवासात ते मी बरोबर घेतले होते.

दुसरा दिवस : बेळगाव

संकेश्वर, हत्तरगी, मग वंटमुरीचा घाट आणि काकती. हा रस्ता मला झोपेतही सांगता येईल, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही. शहराच्या उत्तर बाजूला एका पत्र्याच्या गोदामात ओळखीतून प्रवेश मिळाला, आणि मालकांनी नाव न लिहिण्याच्या अटीवर दिवसभर बसू दिले.

पाच बायका निवडायला बसल्या होत्या. साडीवर जुना फुलशर्ट, डोक्याला रुमाल, समोर ओतलेली गोणी आणि भोवती अर्धवर्तुळात मांडलेली सात-आठ पोती. त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईंना सगळे अक्का म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिला अर्धा तास मला काही उमगले नाही, कारण अक्का वस्तूकडे पाहतच नव्हत्या. हात गोणीत जाई, काहीतरी घेऊन बाहेर येई, मूठ एकदा वळे आणि वस्तू बरोबर आपल्या पोत्यात पडे. विचारल्यावर त्यांनी दोन पिशव्या माझ्या कानाशी धरून चुरगळल्या. पहिली कुरकुरली, वाळल्या पानावर पाय पडावा तशी. दुसरीने जवळपास आवाजच केला नाही. "वरडतंय ते एचएम, गप बसतंय ते एलडी," अक्का म्हणाल्या. दुकानातली पातळ, कडक पिशवी आणि दुधाची मऊ पिशवी, दोन्ही पॉलिथिनच्याच. पण एकीची घनता जास्त, दुसरीची कमी, आणि हा फरक प्रयोगशाळा यंत्राने मोजते तो अक्का कानाने मोजत होत्या.

कडक वस्तूंची परीक्षा वेगळी. कोपऱ्यात पाण्याने भरलेले निळे पिंप होते. शीतपेयाची बाटली, तिचे झाकण आणि गळ्यातली कडी यांचे तुकडे मालकांनी त्यात टाकले, तेव्हा झाकण आणि कडी वर तरंगत राहिली आणि बाटलीचे तुकडे तळाला गेले. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन पाण्यापेक्षा हलके, पीईटी (बाटलीचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी (नळाच्या पाइपांचे) जड. आता बुडालेल्या दोघांतला भेद पाणी सांगत नाही, आणि घातक तर नेमका तोच, कारण पीईटी वितळवताना त्यात पीव्हीसीचा लहानसा तुकडा जरी गेला तरी तो आम्ल सोडतो आणि सगळा माल पिवळा-काळा पडतो. शंकेच्या तुकड्याला मालक लायटर लावतात. पॉलिथिन मेणबत्तीसारखे थेंब गाळत जळते आणि वासही मेणाचाच येतो, तर पीव्हीसी ज्योत काढताच विझते आणि तिचा वास घशात जातो. असा वास आयुष्यभर घेणे फुप्फुसांना परवडणारे नाही हे मी बोलून दाखवले, तेव्हा मालकांनी मान हलवली आणि पुढच्या तुकड्याला लायटर लावला.

दुपारी बायका डबे सोडून बसल्या. एकीच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि झुणका, दुसरीच्यात भात-सार. बोलणे मराठीत सुरू होऊन मध्येच कानडीत जाई आणि परत येई. त्या वेळी मला जे सुचले ते इथे सविस्तर मांडतो, कारण एवढ्यासाठीच हा प्रवास केला असे आता वाटते.

आपण म्हणतो की श्रीमंत देश प्लास्टिकचा कचरा गरीब देशांना विकतात. व्यवहाराच्या कागदावर तसेच दिसते, पण खरेदी-विक्री होते ती निवडण्याच्या श्रमाची. जर्मनीत किंवा जपानात एका माणसाला दिवसभर बसवून एचएम आणि एलडी वेगळे करायला लावणे परवडत नाही. ते जिथे परवडते तिथे गठ्ठा जातो. चीनमधून तयार माल घेऊन गेलेली जहाजे परतीला रिकामी जायची, त्यांत हे गठ्ठे अत्यल्प भाड्यात चढत, आणि पलीकडे निवडायला स्वस्त हात होते. १९९२ पासून पुढच्या पंचवीस वर्षांत जगात जेवढा प्लास्टिक कचरा आयात झाला, त्यातला सुमारे ४५ टक्के एकट्या चीनमध्ये गेला, असा हिशेब अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली मांडला. तोवर चीनने दार लावलेही होते. जुलै २०१७ मध्ये त्यांनी जागतिक व्यापार संघटनेला कळवले, वर्ष संपता संपता घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात थांबवली, आणि १ मार्च २०१८ पासून उरलेल्या भंगारात इतर घाण वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त चालणार नाही असे सांगितले. शंभर किलोंच्या गठ्ठ्यात अर्धा किलो! अक्कांच्या पोत्यात एखादे वेळी हे जमेल. यंत्राने भरलेल्या युरोपीय कंटेनरमध्ये जमणे कठीणच होते.

दार लागले म्हणून कचरा आटला नाही, त्याने वाट बदलली. मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, तुर्कस्तान या देशांच्या बंदरांत गठ्ठे साचू लागले. क्वालालंपूरजवळच्या जेंजारोम गावातले लोक रात्रीच्या धुराने हैराण झाले, तेव्हा परवान्याविना चालणारे कारखाने उघडकीस आले. २०१९च्या मे महिन्यात फिलिपिन्सने ६९ कंटेनर कॅनडाला परत धाडले. माझ्या वाट्याला आलेला तो ओला कंटेनर याच उधाणातला होता, हे मला तेव्हा समजले नव्हते.

२०१९च्या त्याच मे महिन्यात जिनिव्यात १८० हून अधिक देशांनी बाझल कराराच्या यादीत दुरुस्ती केली आणि ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. करार मूळचा १९८९चा, घातक कचऱ्यासाठी केलेला. नॉर्वेच्या पुढाकाराने प्लास्टिक त्यात ठळकपणे आले. मिसळलेले, मळलेले प्लास्टिक पाठवायचे असेल तर आता घेणाऱ्या देशाची लेखी संमती आधी हवी. संमतीवाचून जाऊ शकतो तो एकाच जातीचा, जवळजवळ निर्मळ आणि खरोखर पुनर्वापरासाठी चाललेला माल, किंवा पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन आणि पीईटी यांचे असे मिश्रण, ज्यातली प्रत्येक जात पुढे वेगळी काढून वापरली जाणार आहे. पीव्हीसीला ही सवलत नाही. मी ही कलमे कचेरीत कित्येकदा वाचली होती, तेव्हा ती कायद्याची भाषा वाटे. अक्कांच्या समोर बसल्यावर ध्यानात आले की तो सगळा मजकूर त्यांच्या सात-आठ पोत्यांचेच वर्णन आहे: जे निवडले गेले ते माल, जे निवडायचे राहिले तो कचरा.

उठताना चीजचे पाकीट दाखवायचे राहून गेले.

तिसरा दिवस : मच्छे, येळ्ळूर शिवार

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचा दाणा करणारा एक लहान कारखाना पाहिला. बेळगावची ओळख ओतकामाची आणि हायड्रॉलिक सुट्या भागांची. दाण्याचे कारखाने त्या गर्दीत कुणाच्या नजरेत भरत नाहीत. निवडलेली फिल्म आधी धुतात, मग पात्यांच्या चक्कीत कापतात, मग स्क्रूच्या तापत्या नळीतून दोनशे अंशांच्या आसपास वितळवून पुढे ढकलतात. नळीच्या तोंडाशी तारेची जाळी असते, तिच्यात माती, कागद, लाकडाचा भुसा अडकतो, आणि पलीकडून शेवयांसारखे जाड दोरे पाण्याच्या हौदात उतरतात. हौद ओलांडला की कातर त्यांचे तुकडे पाडते आणि झाला दाणा. जळकी जाळी काढून नवी घालणारा मुलगा हातमोज्यांवर आणखी एक हातमोजा चढवून काम करत होता. माल जितका अस्वच्छ तितक्या वेळा जाळी बदलायची, आणि तितका वेळ यंत्र रिकामे. दाण्यातून घमेली, बादल्या, शेतीच्या काळ्या पाइपा होतात.

मालकांशी तासभर बोलणे झाले. परदेशी भंगार येत होते तेव्हा तुमचे बरे होते की वाईट, असा प्रश्न मी मुद्दाम विचारला. भारताने २०१६च्या नियमांत प्लास्टिक कचऱ्याची आयात रोखली होती, पण विशेष आर्थिक क्षेत्रे आणि निर्यातप्रधान कारखाने यांना मुभा ठेवली होती. मार्च २०१९ मध्ये तीही काढून घेतली. मालक म्हणाले, "बाहेरचा माल थांबला तेव्हा आमच्या भंगाराला मागणी येईल असं वाटलं होतं. आली थोडी. पण भाव ठरवतंय ते भंगार न्हवं, कच्चं तेल." तेल उतरले की नवा दाणा स्वस्त होतो आणि नवा स्वस्त झाला की जुन्याला गिऱ्हाईक राहत नाही, बंदी दिल्लीत होते, भाव आखातात ठरतो आणि अक्कांच्या गोदामात गोण्या तुंबतात. इथे मालकांशी मी शंभर टक्के सहमत झालो, जरी कामगारांच्या पगाराविषयी त्यांनी जे सांगितले त्याविषयी नाही.

आता त्यांची आशा आहे ती उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीच्या नियमांवर, म्हणजे जी कंपनी प्लास्टिक बाजारात आणते तिनेच ते पुनर्वापराला लागेल हे पाहायचे. फेब्रुवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कडक वेष्टनांसाठी २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक असावे असे ठरवले गेले. ज्या कंपनीला कचरा गोळा करता येत नाही तिने पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचे. कागद आला की लबाडीही आली: २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली, आणि ती देणारे महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटक या तीन राज्यांतले होते. कागदावर 'निवडलेली फिल्म' आणि दार उघडल्यावर लंगोट हा प्रकार एवढ्या जवळून पाहिल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही, वाईट मात्र वाटले.

संध्याकाळी येळ्ळूरच्या शिवारात एका नातेवाइकांकडे गेलो. बळ्ळारी नाल्याला लागून त्यांचे भाताचे शेत आहे. पावसाळ्यात नाला फुगून शेतात शिरतो आणि ओसरताना काठच्या झुडपांवर चिंध्यांसारख्या पिशव्या टांगून जातो. कापणी उरकलेल्या शेतात बांधालगत विळ्याने उकरून त्यांनी दाखवले: वरची वीतभर माती काढली की दर दोन-चार बोटांवर पाकिटाचा तुकडा. त्यांत दुधाची पिशवी एकही नव्हती. सगळी चकचकीत, आतून चंदेरी पाकिटे, गुटख्याची आणि वेफर्सची. दुधाची पिशवी कुणीतरी वाटेतच उचलते, कारण ती विकली जाते.

चौथा दिवस : खानापूर, जांबोटी, कणकुंबी

खानापूर मातीच्या भांड्यांचे आणि कौलांचे गाव. बाजारात कुंभाराच्या दुकानाशेजारीच पाण्याच्या बाटल्यांची रास विकायला होती. त्याविषयी उपहासाने लिहिण्याचा मोह होतो, पण त्या दुकानातल्या आजींनी मलाही बाटलीतलेच पाणी दिले.

जांबोटीपासून पुढे जंगल दाट होते. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणारी वाहने याच रस्त्याने जातात आणि वळणावळणाच्या कडेला त्यांची खूण सोडतात. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. पाणी निवळ होते, तळाचे खडे दिसत होते. तिथे पंधरा मिनिटे बसलो. देवळाबाहेरच्या पानपट्टीवर काल शेतात पाहिलेलीच चंदेरी पाकिटे माळेसारखी टांगलेली होती. पानपट्टीवाल्याला विचारले की रिकामी पाकिटे भंगारवाला नेतो का, तेव्हा तो म्हणाला, "कशाला नेईल? वजनच नाही त्याला, आणि घेतं कोण?" या पाकिटात तीन-चार वेगळ्या जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते कुणाच्याही बोटांना सोडवता येत नाहीत. अशा मालाला शेवटची वाट सिमेंटच्या भट्टीची. आमच्या जिल्ह्यात सिमेंटचा कारखाना आहे, पण कणकुंबीतले पाकीट तिथवर नेण्याचे भाडे कोण देणार, हा प्रश्न पानपट्टीवाल्याने मलाच केला.

परतीच्या बसमध्ये वहीत पुढच्या तारखा लिहिल्या. थायलंड आणि इंडोनेशियाने २०२५च्या सुरुवातीपासून प्लास्टिक कचऱ्याला दार लावले. मलेशियाने १ जुलै २०२५ पासून बाझल करार न स्वीकारलेल्या देशांचा माल बंद केला, म्हणजे मुख्यतः अमेरिकेचा, कारण तिने १९९० साली सही केली पण करार अजून मंजूर केलेला नाही. युरोपीय संघ २१ नोव्हेंबर २०२६ पासून श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेबाहेर प्लास्टिक कचरा पाठवणे थांबवणार आहे, मात्र तुर्कस्तान त्या संघटनेचा सदस्य असल्यामुळे त्याच्याकडचा रस्ता या बंदीने अडत नाही. प्लास्टिकविषयी स्वतंत्र जागतिक करार करायचे २०२२ साली नैरोबीत ठरले. त्यासाठीची ऑगस्ट २०२५ची जिनिव्याची बैठकही एकमताविना उठली. दारे एकामागून एक लागत आहेत, आणि निवडायचे काम ज्याचे त्याच्या अंगणात परत येते आहे. ज्यांनी तीस वर्षे ते दुसऱ्याकडून करून घेतले त्यांना आता स्वतःच्या पाकिटांचे थर मोजावे लागतील, असे मला वाटते. तसे होईल की आणखी एखादे कागल सापडेल, याविषयी माझे मत दर आठवड्याला बदलते.

बेळगावात उतरलो तेव्हा पाच वाजले होते. गोदाम सहापर्यंत उघडे असते हे ठाऊक होते, म्हणून रिक्षा करून तिकडे गेलो. बायका हात धुवत होत्या, अक्का मात्र अजून बसलेल्या. मी चीजचे पाकीट त्यांच्या हातात दिले आणि हे समुद्रापलीकडून एलडी म्हणून आले होते एवढेच सांगितले. त्यांनी छापील अक्षरांकडे किंवा बाणांच्या त्रिकोणाकडे पाहिले नाही. पाकीट कानाजवळ नेऊन एकदा चुरगळले, मग कडेला नखाने ओरखडून थर सुटतो का ते पाहिले.

"वरडतंय बी न्हाई, गप बी बसंना," त्या म्हणाल्या. "ह्येला कोन घेत न्हाई, साहेब."

आणि दाराजवळ, न विकल्या जाणाऱ्या चंदेरी पाकिटांच्या ढिगावर ते टाकून त्यांनी शेवटची गोणी पुढे ओढली.